न मोजलेली गोणी

किटच्या पाठीवर मार्करने नाव लिहितात,
आत कोण आहे ते कळावं म्हणून.
माझ्या पाठीवर शबनम सिस्टर लिहिते,
ब्रदर संग्राम.
शेवटच्या म ची उभी रेघ ओढून झाली
की हलकी थाप मारते,
पाठीवर गोणी नीट बसली की मागचा गडी मारतो, तशी.

ही थाप मी बघत वाढलोय.
आबा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
एकतीस वर्षं वाकून चालले.
कोपरखैरण्याच्या खोलीत ते डोक्याचा पटका सोडायच्या आत
मी दारातच विचारायचो,
आबा, आज किती गोण्या?
एकशे बारा. एकशे चाळीस.
आकडा कधी चुकला नाही.
वाराई आकड्यावर मिळते,
हे मला फार उशिरा कळलं.
तोवर मला वाटायचं, मला सांगायलाच मोजतात.

आता बारा तास किटमध्ये.
दुपारी दोननंतर पाणी नाही,
रात्री आठला आत, सकाळी आठला बाहेर.
ग्लोव्हज काढले की बोटं
भिजत घातलेल्या वालासारखी,
साल सुटायला आलेली.
सगळे हाक मारतात, ब्रदर, ओ ब्रदर,
माझ्या आजोबांच्या वयाची माणसंसुद्धा.
सख्ख्या बहिणीचा फोन मात्र
मी तीन आठवडे उचललेला नाही.

सकाळी घरी येतो.
गल्लीतच दोन बादल्या गरम पाणी, साबण,
आणि आठ फुटांवर
प्लास्टिकच्या खुर्चीत आबा.
पहिल्या दिवशी त्यांना काय विचारावं सुचेना.
म्हणाले, किती गोण्या रं?
मीही सवयीने सांगून टाकलं,
चार.
मग दोघंही बादलीकडे बघत राहिलो.
तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं.
मी सांगितलं, नऊ.
पुढे तसंच चालू राहिलं.

बावीस नंबरला दिवाळे गावचे तांडेल.
मास्कच्या आतून दर थोड्या वेळाने विचारायचे,
भरती लागली का?
मी मॉनिटर बघून म्हणायचो, लागतेय, काका.
सतरा नंबरला एक पोरगा,
आईला फोनवर सांगत होता
की इथे जेवण चांगलं असतं.
पहाटे तीन चाळीसला त्याचा आकडा घसरला.
मोठं मशीन एकच.
डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं,
मग बावीसकडे,
आणि भुवई हलवली.
भुवई त्यांची.
नळी मी हलवली.

काकांनी विचारलं, भरती?
मी मॉनिटरकडे न बघता म्हटलं,
लागतेय.

पोरगा दुपारी उठून बसला म्हणे,
बिस्किट मागत होता.
हे मला चांगलं वाटायला हवं.
वाटतंही. पण मग पुढचं आठवतं.

त्या सकाळी बादलीतलं पाणी गार होईपर्यंत
मी तसाच बसून होतो.
किती गोण्या रं?
मोजल्या नाहीत, आबा.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
समोरच्या घरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.
मग म्हणाले,
चौऱ्याण्णवला थप्पी कोसळली हुती.
खाली दोघं. म्या जवळच्याला आधी वढला.
त्येची एक गोणी म्या बी कदी मोजली न्हाई.

एवढंच.
दुसऱ्याचं नाव सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
ते उठले, गुडघ्यावर हात टेकून,
आत जाऊन चहा ठेवला,
आणि कप उंबऱ्यावर ठेवून
पुन्हा आठ फूट मागे सरकले.

मी झोपलो की नाही, आठवत नाही.
संध्याकाळी शबनमने नाव लिहिलं.
मार्कर संपत आला होता,
म ची रेघ तिने दोनदा गिरवली.
मी म्हटलं,
थाप जरा जोरात मार.